कुडत्याखालचं होल्स्टर झुकतं, सरकतं, उठून दिसतं: कुठून तपासायला घ्यायचं

सकाळी नीट बसवलेलं होल्स्टर, म्हणजे कंबरेला रिव्हॉल्वर किंवा पिस्तूल ठेवायचं म्यान, दुपारपर्यंत बाहेरच्या अंगाला कलंडतं. मूठ कंबरेपासून सुटते आणि कुडत्यावर तिचा उंचवटा लांबूनही कळतो. स्कूटरवरून उतरावं तर होल्स्टर कुल्ह्यावरून सरकत पोटाकडे आलेलं असतं. चालताना हात सारखा कंबरेकडे जातो, वर ओढून घ्यावं लागतं. रिव्हॉल्वर काढून घेतलं की होल्स्टरचं तोंड मिटतं आणि परत घालताना दुसऱ्या हातानं ते उघडावं लागतं. वादीचं टिचबटण आपोआप सुटतं. पावसाळा लागला की नळीवर आणि सिलिंडरच्या (गोळ्यांच्या फिरत्या नळकांड्याच्या) कडेला तांबूस ठिपके दिसू लागतात.

यातलं एखादं लक्षण तरी सांगत माणूस येतो, आणि बहुतेकांचं वाक्य ठरलेलं असतं: "हे होल्स्टर बिघडलंय, नवं शिवून द्या." ग्वाल्हेरच्या लष्कर भागात माझं चामड्याचं काम चालतं. पट्टे, पेट्या, खोगिराची डागडुजी आणि होल्स्टर. भिंड-मुरैना जवळ असल्यानं हत्याराचा परवाना असलेली गिऱ्हाइकं बारा महिने असतात: पेट्रोलपंपवाले, ठेकेदार, फौजेतून निवृत्त झालेले, अंगरक्षकाची नोकरी करणारे. इतकी होल्स्टरं उलटून-पालटून पाहिल्यावर सांगतो, झुकण्या-सरकण्याची तक्रार होल्स्टरची असते आणि दोष बहुतेक वेळा पट्ट्यात असतो. त्यामुळे तपासणी पट्ट्यापासून सुरू करा. तिला पैसा लागत नाही. होल्स्टरची शिवण उसवायची वेळ अगदी शेवटी, आणि तीही तुमच्या हातानं नाही.

हा नुसत्या दिसण्याचा प्रश्न नाही. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे सार्वजनिक जागी हँडगन, म्हणजे पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर, न्यायची तर ती अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत, पूर्ण झाकलेली आणि बाळगणाऱ्याच्या पक्क्या ताब्यात असावी लागते. कुडत्यातून डोकावणारी मूठ आणि स्कूटरवर पुढे सरकणारं होल्स्टर या दोन्हीत तो ताबा सुटतो. खाली लिहिलेलं सगळं परवाना असलेल्या, रीतसर नोंद असलेल्या हत्याराबद्दल आहे.

सगळ्यात आधी हत्यार रिकामं

पुढची एकही तपासणी भरलेल्या हत्यारावर करायची नाही. कानपूरचं .३२ बोअरचं जुनं रिव्हॉल्वर खटका दाबून मधून मोडून उघडतं. ते पूर्ण उघडा, सहाही घरं डोळ्यांनी बघा आणि प्रत्येक घरात बोटाचं टोक घालून खात्री करा. २०२३ साली आलेल्या 'प्रबल' रिव्हॉल्वरचं सिलिंडर बाजूला निघतं, त्यालाही हीच रीत. पिस्तूल असेल तर आधी मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, काढायचं, मग वरची सरकती स्लाइड मागे ओढून चेंबर, म्हणजे गोळी बसते ती जागा, पाहायची. हा क्रम उलटा केलात, म्हणजे आधी स्लाइड ओढून नंतर मॅगझिन काढलंत, तर स्लाइड पुढे जाताना वरची गोळी पुन्हा चेंबरमध्ये जाते आणि माणूस मात्र हत्यार रिकामं समजून बसतो. काढलेल्या गोळ्या दुसऱ्या खोलीत, कपाटात, कुलुपात ठेवा. मुलं घरात असतील तर हे काम ती झोपल्यावर करा.

पट्टा

आता पट्टा कंबरेवरून काढा आणि दोन्ही हातांनी वीतभर अंतरावर धरून ओलं फडकं पिळतो तसा पिळून बघा. सहज पिळला गेला, तर तुमचं झुकणारं होल्स्टर तिथेच सापडलं.

कारण साधं आहे. भरलेलं .३२ चं रिव्हॉल्वर सातशे-आठशे ग्रॅमच्या घरात जातं. या वजनातला मोठा भाग, म्हणजे सिलिंडर आणि मूठ, पट्ट्याच्या रेषेच्या वर असतो. नळी तेवढी खाली लोंबते. वरचा भार सतत बाहेर कलायला बघतो आणि त्याला आत धरून ठेवायचं काम एकटा पट्टा करतो. पट्टा पिळला जात असेल तर त्याची वरची कड बाहेर उलटते आणि तिच्याबरोबर होल्स्टरही. लोक यावर पट्टा आणखी एक भोक आवळतात. त्यानं पोटाला वळ पडतात, पिळ तसाच राहतो, कारण पिळ ताणानं जात नाही, जाडीनं जातो.

बाजारात 'अस्सल चामडं' म्हणून मिळणारे बरेचसे पट्टे वरून पातळ कातडी, खालून पातळ कातडी आणि मधे पुठ्ठ्यासारखा लगदा असे असतात. पट्ट्याची कापलेली कड उजेडात धरून पाहा. थर सुटलेले दिसले, मधे भुसा दिसला, रंगाचा लेप सोलून निघाला, तर तो पट्टा पँट धरायलाच ठीक आहे. हत्यारासाठी पट्टा झाडाच्या सालीनं कमावलेल्या चामड्याचा, अखंड किंवा दोन थर शिवलेला, चार ते पाच मिलिमीटर जाडीचा हवा. कानपुरात खोगीर आणि साजासाठी जे चामडं निघतं, ते या कामाला उत्तम. ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात हौसेनं पट्टे घेतले जातात, तिथे घेतानाही कड पाहून, पिळून, मगच पैसे द्या.

दुसरी गोष्ट रुंदी. घरात मोजपट्टी असतेच. होल्स्टरच्या मागे पट्टा ओवायची चीर असते, तिची उंची मोजा, मग पट्ट्याची रुंदी मोजा. चीर ४० मिलिमीटरची आणि पट्टा ३२ चा, हे इतक्यांदा पाहतो की आता गिऱ्हाइकानं तोंड उघडायच्या आधी पट्टाच मागून घेतो. मधली आठ मिलिमीटरची मोकळीक म्हणजे होल्स्टरला वर-खाली आणि तिरकं हलायला मोकळं रान. रुंद पट्टा घ्यायचा नसेल तर चिरेत वरच्या बाजूनं चामड्याची पट्टी चिकटवून चीर बुजवून घेता येते. कोणताही चांगला चांभार हे काम बसल्या बसल्या करून देतो, खर्च किरकोळ. पट्टा चिरेत थोडा जोर लावून जायला हवा. सळकन गेला तर ढिला आहे.

पुढे सरकत असेल तर

याला दुरुस्तीच लागत नाही. होल्स्टरला मागे दोन चिरा असतात. पट्टा ओवताना पहिल्या चिरेतून काढा, मग पँटच्या कंबरेवरच्या एका लुपीतून, मग दुसऱ्या चिरेतून. लुपी दोन चिरांच्या मधे अडकली की होल्स्टर ना पुढे जातं ना मागे. लुपी योग्य जागी नसेल तर शिंप्याकडून एक लुपी हलवून घ्या. क्लिपवालं होल्स्टर असेल तर क्लिपचं टोक पट्ट्याच्या खालच्या कडेखाली खरंच अडकतंय का हे बोटानं चाचपून पाहा. नुसती पट्ट्यावर घसरवलेली क्लिप हत्यार उपसताना होल्स्टरसकट वर येते.

कुडता-पायजमा आणि नाडी

आपल्याकडे हा प्रश्न फार. गणपतीत, लग्नकार्यात, उन्हाळ्यात माणूस कुडत्या-पायजम्यात असतो आणि होल्स्टरची क्लिप नाडीच्या नेफ्यात खोचलेली असते. नेफा म्हणजे दोन पदर सुती कापड. त्यावर सातशे ग्रॅम टांगलं तर ते घसरणारच, आणि ओढ बसून नाडीची गाठ ढिली होते ती वेगळीच. यावर एकच उपाय मला खात्रीचा वाटतो: पायजम्याच्या वर, कुडत्याच्या आत, निराळा जाड पट्टा बांधायचा. त्याला पुढे मोठं बक्कल नको, चपटं हवं, म्हणजे पोटावर उंचवटा येत नाही. होल्स्टर या पट्ट्यावर. नेफ्याचा हत्याराशी संबंध ठेवायचा नाही.

आणि लग्नाचा विषय निघालाच आहे तर: २०१९ च्या दुरुस्तीपासून बेदरकारपणे किंवा आनंदाच्या भरात केलेल्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. वरातीत हत्यार घरी कुलुपात असलेलं बरं. लग्नासाठी शेरवानीवर शोभेचं होल्स्टर मागणाऱ्याला मी परत पाठवतो.

जागा आणि कल

पट्टा चांगला, रुंदी जुळलेली, तरी मूठ दिसते, असं असेल तर जागा बदलून पाहा. कुल्ह्याच्या हाडावर नेमकं होल्स्टर आलं की हाडच त्याला बाहेर ढकलतं. त्या हाडाच्या जरा मागे, जिथे कंबरेला नैसर्गिक खोलगट भाग आहे, तिथे ते अंगाला बसतं. मूठ थोडी पुढे झुकलेली असावी, दहा-पंधरा अंश. सरळ उभी मूठ वाकल्यावर मागून कुडता उचलते. पुढे झुकलेली मूठ बरगडीच्या रेषेत राहते.

पाठीच्या मधोमध मात्र कधी लावू नका. लपतं छान, हे खरं. पण स्कूटरवरून घसरून पाठीवर पडलात तर मणक्याखाली पोलाद असतं, आणि त्या जागी आपलं लक्षही नसतं, हातही धड पोचत नाही.

कपड्याबद्दल थोडक्यात: मलमलीतून सगळं दिसतं, जाड खादीतून कमी दिसतं, चौकडीतून आणखी कमी. थंडीत बंडी असली की प्रश्नच मिटतो.

तेल

इथवर सगळं ठीक असेल, तर आता होल्स्टर हातात घ्या. रिकामं होल्स्टर टेबलावर ठेवा आणि दोन्ही अंगठ्यांनी बाजू दाबा. चांगलं होल्स्टर दाबाला विरोध करतं, सोडल्यावर परत आकारात येतं. मऊ, लोळागोळा झालेलं असेल तर त्याला तेल पाजलं गेलं आहे.

आमच्या भागात हे तेल म्हणजे सरसूचं, मोहरीचं. घरात असतं, जोड्यांना लावतात, लाठीला लावतात, म्हणून होल्स्टरलाही. मे महिन्यात ग्वाल्हेरचा पारा पंचेचाळिसाकडे जातो, चामडं कोरडं पडतं, कडेला भेगा दिसतात आणि माणूस प्रेमानं तेल चोळतो. हेतू चांगला असतो, परिणाम वाईट. होल्स्टरचं सगळं बळ चामड्याच्या ताठपणात आहे. तेल धाग्या-धाग्यांत शिरून तो ताठपणा मारतं. मोहरीचं तेल वर चिकट थर धरतं, त्यावर धूळ बसते, काही महिन्यांनी खवट वास येतो आणि पावसात त्याच जागी बुरशी धरते. जोड्याचं चामडं पायाबरोबर वाकावं म्हणून मऊ ठेवतात. होल्स्टरचं चामडं वाकू नये म्हणून कडक ठेवायचं असतं.

होल्स्टरला तेल नको, जोड्याचं मऊ करणारं क्रीमही नको. बाहेरून वर्षातून एक-दोनदा मेणाचं पॉलिश, अगदी पातळ हात, कोरड्या फडक्यानं घासून. आतून काहीही नाही. ओलं झालं तर सावलीत, वाऱ्यावर वाळवायचं. उन्हात, शेगडीजवळ किंवा हेअर ड्रायरनं वाळवलेलं चामडं आक्रसतं, तडकतं आणि मग हत्यार त्यात अडकायला लागतं.

तेल एकदा आत मुरलं की पूर्ण निघत नाही. थोडं असेल तर जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून आठवडाभर ठेवा, रोज कागद बदला. कागदावर डाग येणं थांबलं की अंगठ्याची परीक्षा पुन्हा करा. ताठपणा परत आला नसेल तर ते होल्स्टर बाद. पुढे तोंडाबद्दल लिहितो आहे, ते वाचून बाद का म्हणतो ते कळेल.

बटण, शिवण, स्क्रू

टिचबटण आपोआप सुटत असेल तर आधी जुन्या दातघासणीनं ते साफ करा. घामानं पितळेवर कळंक चढतो आणि आतली कडी नीट बसत नाही. साफ करूनही 'टिच्' असा आवाज येत नसेल तर बटण बदलून घ्या, कामाला पाच मिनिटं पुरतात. बटणाची वादी कुठून जाते तेही पाहा. मोडून उघडणाऱ्या रिव्हॉल्वरच्या डाव्या बाजूला उघडायचा खटका असतो. वादी त्याला घासत किंवा दाबत असेल तर वादीची जागा बदलायला हवी.

शिवणीत नळीच्या टोकाकडचे आणि तोंडाकडचे टाके बघा, झीज तिथून सुरू होते. मशीनची शिवण एक टाका तुटला की दोन्हीकडे उसवत जाते. दोन सुयांनी, आरीनं भोकं पाडून, मेणदोऱ्यानं हातानं घातलेली शिवण एक टाका तुटला तरी बाकीचे धरून ठेवते. तुटलेल्या टाक्यावर घरी गोंद लावू नका. गोंद भोकात सुकला की नव्या टाक्याला जागा उरत नाही आणि दुरुस्ती करणाऱ्याला भोकं नव्यानं पाडावी लागतात, त्यानं चामडं तिथे आणखी दुबळं होतं.

प्लास्टिकचं होल्स्टर असेल तर स्क्रू ढिले झालेत का पाहा. घट्ट करून स्क्रूच्या माथ्यावर नेलपॉलिशचा एक थेंब सोडा. पुढच्या वेळी पॉलिश तडकलेलं दिसलं की स्क्रू फिरला हे लगेच कळतं.

तोंड मिटत असेल तर इथेच थांबा

आतापर्यंतच्या गोष्टी गैरसोयीच्या होत्या. ही जिवाची आहे.

हत्यार उपसल्यावर होल्स्टरचं तोंड आत दुमडत असेल, किंवा तोंडाची कड इतकी मऊ झाली असेल की बोटानं ढकलल्यावर आत वळते, तर ते होल्स्टर आजपासून वापरू नका. हत्यार परत घालताना ती दुमडलेली कड चापाच्या कड्यात शिरते. तुम्ही हत्यार खाली दाबता आणि चामड्याची घडी चाप मागे दाबते. बोट बाहेर आहे, नियम पाळला आहे, तरी गोळी सुटते, आणि नळीचं तोंड त्या वेळी तुमच्या मांडीकडे असतं. रिव्हॉल्वरचा चाप जड असतो म्हणून काही होणार नाही असं समजू नका. घोडा चढवलेला असला की तोच चाप अगदी हलका होतो. पिस्तुलाच्या बाबतीत तर हा धोका नेहमीचाच.

तपासायची रीत: रिकामं हत्यार होल्स्टरात घाला आणि बाहेरून चापाच्या जागेवर बोटानं दाबा. चापाचं कडं पूर्ण झाकलेलं हवं आणि बाहेरच्या दाबानं चाप हलता कामा नये. चाप बोटाला जाणवला, तर चामडं पातळ किंवा मेलेलं आहे. चाप उघडा टाकणारी होल्स्टरंही मिळतात, एखाद्या पट्टीवर हत्यार नुसतं टांगलेलं असतं. ती घेऊच नका, कोणी भेट दिली तरी वापरू नका.

यावर घरगुती उपाय नाही. तोंडाला आतून तार घालणं, पत्रा चिकटवणं, मेणबत्तीचं मेण ओतणं, हे सगळं करून आणलेली होल्स्टरं मी पाहिली आहेत आणि सगळी कापून टाकायला लावली आहेत. तोंडाला चामड्याची दुहेरी, ताठ गोट शिवून घेणं हा कारागिराचा मार्ग, तोही बाकीचं चामडं जिवंत असेल तरच. नसेल तर नवं होल्स्टर. जुनं कोणाला देऊन टाकू नका, रापीनं उभं चिरून फेका, म्हणजे दुसरा कोणी ते वापरणार नाही.

एक सवय इथेच सांगतो: हत्यार परत घालताना घाई कधीच नसते. कुडता दुसऱ्या हातानं पूर्ण वर धरा, खाली बघा, कापडाचं टोक, नाडी, दोरी, काहीही आत जात नाही याची खात्री करा, मग सावकाश घाला.

गंज

तांबूस ठिपके दिसले की लोक हत्याराला दोष देतात. घामट होल्स्टरमध्ये हत्यार रात्रभर पडून होतं, हे सांगत नाहीत. चामडं हवेतली आणि अंगातली ओल धरून ठेवतं. सालीनं कमावलेल्या चामड्यात आम्ल असतं, क्रोमनं कमावलेल्यात क्षार असतात. कपाटात बंद ठेवलं की ही ओल जायला वाट राहत नाही आणि निळ्या पॉलिशखालचं पोलाद सडायला लागतं.

चामडं कोणतं ते कडेवरून कळतं. कापलेली कड आतून निळसर-राखाडी दिसली तर क्रोमचं. तपकिरी, एकजीव दिसली तर सालीचं. क्रोमचं चामडं मऊ, स्वस्त आणि चकचकीत असतं, म्हणून तयार होल्स्टरात ते पुष्कळ वापरतात. आकार धरायला ते निकामी.

आपलं होल्स्टर किती ओल धरतं याची स्वस्त परीक्षा आहे. एक नवा लोखंडी खिळा साबणानं धुऊन, तेलाचा अंश राहू न देता पुसून, होल्स्टरच्या आत टाका आणि होल्स्टर कपाटात ठेवा. दुसरा तसाच खिळा शेजारी उघडा ठेवा. श्रावणात काही दिवसांतच दोघांतला फरक समोर येतो. होल्स्टरातला खिळा आधी गंजला की हत्यार रात्री कुठे ठेवायचं नाही हे वेगळं सांगावं लागत नाही.

घरी आल्यावर हत्यार होल्स्टरमधून बाहेर काढा, रिकामं करा, तेलाचा पुसट हात दिलेल्या सुती कापडानं पुसा आणि कुलुपात ठेवा. होल्स्टर वेगळं, खुंटीवर, हवेशीर. अंगाचा घाम होल्स्टरला लागू नये म्हणून मधे बनियनचा पदर राहील असं पाहा. ठिपके वरवरचे असतील तर तेलानं भिजलेल्या मऊ कापडानं निघतात. कापडाला खडबडीत लागायला लागलं, खड्डा जाणवला, नळीच्या आत डाग दिसला, तर सॅंडपेपर हातात घेऊ नका. ते काम परवाना असलेल्या बंदूक-मिस्त्रीचं.

दुसरं, लहान हत्यार असेल तर

२०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात. पूर्वी तीन चालत. काहींच्या परवान्यावर एक मोठं आणि एक राखीव म्हणून छोटं असतं. कानपूरचं 'निर्भीक', .३२ चं, पाचशे ग्रॅमच्या आसपासचं, ईशापूरचं 'निडर', .२२ चं, अडीचशे ग्रॅमचं. वजन कमी म्हणून लोक ते खिशात नुसतंच टाकतात आणि दुखणं तिथूनच सुरू होतं.

खिशात असलं तरी त्याला खिशाचं होल्स्टर हवंच: चाप झाकणारं, बाहेरून खरखरीत, म्हणजे हत्यार उपसताना होल्स्टर खिशातच राहतं. त्या खिशात किल्ली, नाणी, पेन, काही नको. खिशाच्या अस्तराला भोक आहे का, हे दर धुण्याला पाहा. घोट्यावर बांधायचं असेल तर आधी इलॅस्टिक तपासा. ताणून सोडल्यावर ते पटकन मूळ मापावर आलं नाही तर बदला. मधे जाड मोजा असू द्या. घोट्यावर धूळ आणि चिखल सगळ्यात जास्त लागतो, तेव्हा या हत्याराची साफसफाई कंबरेवरच्यापेक्षा दुप्पट करावी लागते. मोटरसायकलला किक मारणाऱ्या पायावर ते बांधू नका.

दोन्ही हत्यारं अंगावर असतील तर दोन्हीची होल्स्टरं एकाच तपासणीत घ्या. मोठ्याकडे लक्ष जातं आणि राखीवाचं वर्षभर कोणी तोंड बघत नाही, असाच अनुभव आहे.

कारागिराकडे कधी, मिस्त्रीकडे कधी

पट्टा बदलला, चीर बुजवली, जागा बदलली, तेल काढलं, आणि तरीही हत्यार होल्स्टरमध्ये खुळखुळतं, उलटं धरल्यावर घसरून खाली येतं: आता चामड्याच्या कारागिराकडे जा. तो चामडं ओलं करून साच्यावर पुन्हा बसवतो. सिलिंडरची गोलाई आणि चापाच्या कड्याची खाच हाडाच्या सळीनं दाबून उठवतो, आणि चामडं वाळेपर्यंत साचा आत राहतो. हे काम घरी स्वतःच्या हत्यारावर करू नका. ओलं चामडं पोलादावर तासन्‌तास राहतं आणि एकाच रात्रीत गंज धरतो. मी शिसवीचे साचे वापरतो, प्रत्येक मॉडेलचा वेगळा. गिऱ्हाइकानं हत्यार आणू नये, फक्त मॉडेलचं नाव, नळीची लांबी आणि पट्ट्याचं माप आणावं. परवाना तुमच्या नावावर असतो, चामडेवाल्याच्या नावावर नाही, म्हणून कोणा चांभाराकडे हत्यार 'दोन दिवस ठेवून जा' असं म्हणणं कायद्यात बसत नाही. जो कारागीर तसं म्हणेल त्याच्याकडून काम घेऊ नका.

दोष हत्यारातच दिसत असेल तर चामड्याचा विषय संपला. घोडा चढवल्यावर स्थिर राहत नाही, सिलिंडर कुलूप झाल्यावरही हातानं फिरतं, मोडून उघडणाऱ्या रिव्हॉल्वरचा खटका ढिला आहे आणि होल्स्टरमधून काढताना ते अर्धवट उघडतं, बाजूला बटण असलेल्या पिस्तुलाचं मॅगझिन होल्स्टरमध्येच सुटून खाली सरकतं: या चारही गोष्टींत हत्यार रिकामं करून ठेवा आणि दुरुस्तीचा परवाना असलेल्या मिस्त्रीकडेच न्या. मॅगझिनच्या बाबतीत आधी एवढं पाहा की होल्स्टरची भिंत त्या बटणावर दाब देत नाही ना. देत असेल तर तिथलं चामडं कारागिराकडून कापून घेता येतं. बाकी तीन गोष्टींत कानस, हातोडी, पक्कड लांब ठेवा. जाताना मूळ परवाना बरोबर घ्या, हत्यार रिकामं आणि पेटीत असू द्या, आणि मिस्त्रीकडून हत्याराच्या क्रमांकासह पावती घेतल्याशिवाय दुकानातून बाहेर पडू नका.